ह, ळ, क्ष, ज्ञ

पोपटने कोयता कीबोर्डवर आडवा ठेवला आणि म्हणाला, "शोध."

कोयत्याच्या भाराने चार-पाच बटणं एकदम दाबली गेली, पडद्यावर एकच अक्षर ओळीने उमटत गेलं आणि यंत्र पीं पीं करून ओरडायला लागलं. पोपट दचकला. सगळी नदीकाठची गावं ज्याला घाबरायची तो माणूस त्या खोक्याला दचकला, आणि तरी मला हसू आलं नाही. त्याने कोयता उचलून खांद्यावर टेकवला. पात्यावरचं सकाळचं रक्त वाळून काळं पडलं होतं.

"क्षीरसागर," तो म्हणाला. "मास्तर हाय. सकाळी आनलाय हितं. कुठला वार्ड, कुठली खाट, येवढंच सांग. तुला काय करत न्हाई."

दुपारचे साडेबारा झाले होते. केसपेपरच्या खोलीत मी होते, आमचे रेकॉर्ड क्लार्क कोरेअण्णा होते आणि ही पाच माणसं. आमचा वॉचमन फाटकापाशी पडला होता. त्याच्या डोक्यात गज घालूनच ते आत आले होते. आल्या आल्या पोपटने फोनची वायर उपटली आणि दाराला आतून कडी घातली. बाहेर व्हरांड्यात बायका किंचाळल्या, मग पळापळीचा आवाज आला आणि मग सगळं चिडीचूप झालं.

गावाचं नाव मी सांगत नाही, तिथं माझी माणसं अजून राहतात. साल पंच्याण्णव. यशवंत क्षीरसागर हे नदीकाठच्या एका शाळेचे मुख्याध्यापक. पोपटची माणसं वाळू उपसत शाळेच्या भिंतीपर्यंत आली होती. त्यांनी खणलेल्या खड्ड्यात तिसरीतली एक मुलगी बुडून मेली. गुरुजींनी नकाशा काढून तक्रार दिली आणि पुढच्या सोमवारी ते कोर्टात साक्ष देणार होते. म्हणून त्या सकाळी नऊ वाजता एस.टी. स्टँडवर, शे-दीडशे माणसांच्या देखत, पोपटने त्यांच्यावर वार केले. गुरुजींनी दोन वार हातावर घेतले, एक पाठीवर बसला. तरी ते जगले. ते जगले हे कळल्यावर राहिलेलं काम पुरं करायला ही मंडळी दवाखान्यात आली होती.

गुरुजी सात नंबरच्या वॉर्डात होते, चौथ्या खाटेवर. मला ठाऊक होतं, कारण ऑपरेशन झाल्यावर पावणेबाराला त्यांचं नाव मीच यंत्रात घातलं होतं. त्यांची बायको खिडकीशी उभी राहून सांगत होती आणि तिच्या बांगड्यांत रक्त वाळलेलं होतं.

आमचं रुग्णालय ट्रस्टचं. इंग्रजांच्या काळात ते क्षयाच्या रोग्यांसाठी बांधलेलं, त्यामुळे अकरा वॉर्ड म्हणजे अकरा कौलारू बराकी, नऊ एकरांत निंबाच्या झाडांमध्ये विखुरलेल्या. एकेक वॉर्ड धुंडाळत बसलं तर पाऊण तास सहज जाईल आणि तेवढ्यात पोलीस येतील, एवढा हिशेब पोपटला कळत होता. खिडकीवर सगळं लिहिलेलं असतं हेही त्याला माहीत होतं. गुरुजींचा जीव आता त्या खोलीतल्या यादीत होता.

यादीचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी तिथं लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. संगणकाचा डिप्लोमा केलेली तालुक्यातली पहिली मुलगी म्हणून माझा फोटो स्थानिक पेपरात आला होता आणि माझी मान त्यामुळे जरा ताठच होती. अण्णा तीस वर्षं त्या खोलीत बसलेले. त्यांच्या मागे लाकडी खणांचा एक मोठा रॅक होता. प्रत्येक अक्षराला एक खण, खणावर लाल रंगाने अक्षर रंगवलेलं, आत रोग्यांची कार्डं. नाव सांगितलं की अण्णा न बघता हात मागे टाकायचे आणि बरोबर कार्ड बाहेर यायचं. संगणक आल्यावर ट्रस्टने तो रॅक भंगारात काढला. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत.

मग मी त्यांना शोधण्याच्या पद्धती समजावून सांगितल्या. एक, वरून खाली एकेक नाव बघत जायचं. नाव शेवटी असेल तर सगळी चार हजार नावं बघावी लागतात, आणि त्यासाठी आमच्या यंत्राला दोन मिनिटं लागायची. दुसरी, यादी मधोमध उघडायची. आपलं नाव अलीकडे असेल तर पलीकडची अर्धी यादी सोडून द्यायची, उरलेली पुन्हा मधोमध उघडायची. चार हजारांतलं नाव बारा वेळा बघण्यात हाती लागतं, डोळ्याचं पातं लवतंय तोवर. मी मेनूत दोन्ही ठेवल्या होत्या. एक नंबर झटपट शोध, दोन नंबर सावकाश शोध. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आणि माझा खण? त्यात एकदाच बघावं लागायचं." अण्णांचीच पद्धत तिन्हींत वेगवान होती.

खरं भांडण झालं ते अक्षरांवरून. यंत्राने पहिली यादी लावून दिली तेव्हा क्षीरसागर, क्षत्रिय वगैरे मंडळी कौलगुडांच्या नंतर आणि खंडागळ्यांच्या आधी आली. यंत्राच्या लेखी क्ष म्हणजे क ला जोडलेला ष. अण्णा संतापले. शाळेत ह, ळ, क्ष, ज्ञ असं शेवटी म्हणतात, क्ष हे शेवटून दुसरं अक्षर आहे, ते क च्या पोटात घालणाऱ्याला पहिलीत परत बसवलं पाहिजे, असं ते म्हणाले आणि तीन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलले. रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांनी त्यांची बाजू घेतली. मी मुकाट्याने यादी अण्णांच्या क्रमाने लावली, पण झटपट शोध बदलायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. यादी अण्णांच्या क्रमाने लागलेली आणि शोध मात्र यंत्राच्या क्रमाने चाललेला. क्षीरसागर विचारलं की यंत्र ते क मध्ये हुडकायचं आणि शेवटच्या पानाकडे ढुंकूनही न बघता नाही म्हणून सांगायचं.

ही चूक मला कळली ती त्या दिवसाच्या आठ दिवस आधी. ज्ञाते नावाचा एक माणूस आईला शोधत आला होता. मी एक दाबला, यंत्र नाही म्हणालं, मी नाही म्हणाले. तो जिल्ह्याच्या सिव्हिलला शोधायला गेला. त्याची आई आमच्याच तीन नंबरमध्ये होती आणि तो परत येईपर्यंत गेली होती. तो खिडकीशी येऊन एवढंच म्हणाला, "बाई, तुम्ही नाही म्हणालात." दुरुस्ती होईपर्यंत क्ष आणि ज्ञ ला दोन नंबरच दाबायचा असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. दुरुस्ती गुरुजींना आणलं त्याच दिवशी, एक वाजता खिडकी बंद झाल्यावर करायची होती.

आणि साडेबाराला पोपट आला.

"पडदा माझ्याकडं फिरव," तो म्हणाला. "तुझ्या तोंडाचं न्हाई ऐकायचं मला. ह्यो काय म्हन्तो ते बगायचंय."

मी पडदा फिरवला. क्षीरसागर असं टाइप केलं. दोनदा चुकलं, खोडावं लागलं. अण्णा स्टुलावर बसून माझ्या हाताकडे बघत होते. मी एक दाबला.

पडद्यावर आलं : नाव सापडले नाही.

पोपटने ते अडखळत मोठ्याने वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. "किती नावं हायत ह्यात?"

मी म्हणाले, चार हजार.

"आन चार हजार नावं त्यानं आत्ता वाचली? येवढ्यात?"

मी त्याला सांगायला लागले की सगळी वाचावी लागत नाहीत, आणि तिथंच चुकले. त्याने उलट्या हाताने माझ्या कानशिलात मारली. मी खुर्चीसकट खाली गेले. त्या कानाने मला आजही कमी ऐकू येतं. सहा महिने मी ज्या वेगाची फुशारकी मारत होते, त्या वेगावर त्याचा विश्वास बसला नव्हता. वाचायचं म्हणजे एकेक ओळ, बोट ठेवून. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने खरं कळतं असं त्याला वाटत नव्हतं.

त्याने एकाच्या हातातला गज घेऊन पडदा फोडला. काच माझ्या केसांत आली. मग तो अण्णांकडे वळला. अण्णांच्या मांडीवर यादीचा छापील गठ्ठा होता, घडीघडीचा लांब कागद, सत्तर-बहात्तर पानं. नवी छपाई दर सोमवारी व्हायची, मधल्या दिवसांची नावं अण्णा समासात योग्य जागी पेनाने लिहून ठेवायचे. गुरुजींचं नाव त्यांनी पाऊण तासापूर्वी लिहिलं होतं. शेवटच्या पानावर, निळ्या शाईत, वॉर्ड आणि खाटेसकट.

"तू वाच, म्हाताऱ्या. क्षीरसागर काढ." मग तोच म्हणाला, "क काढ. क मधी आसंल न्हवं?"

मी जमिनीवरून अण्णांकडे बघितलं. तीस वर्षं त्या माणसाने एकही अक्षर चुकीच्या खणात टाकलं नव्हतं. त्या एका अक्षरासाठी तो माझ्याशी भांडला होता आणि डॉक्टरांपर्यंत गेला होता.

अण्णा चष्मा पुसत म्हणाले, "हो. क ला ष जोडला की क्ष. क मध्येच असतो."

आणि त्यांनी क चं पान काढून वाचायला सुरुवात केली. उजव्या हाताची तर्जनी कागदावर ठेवून, एकेक ओळ. काकडे, सखुबाई. काकडे, हरिबा. काटकर. काळेल. क ची सहा पानं होती. ते इतक्या सावकाश वाचत होते की बाहेर निंबावर कावळा ओरडायचा तो दोन नावांच्या मध्ये ऐकू यायचा. मला कळलं की अण्णा वेळ काढताहेत. तीस वर्षं चटकन शोधण्यात घालवलेला माणूस आता जमेल तितकं सावकाश शोधत होता. वॉचमनची बायको मागच्या कुंपणातून पेट्रोल पंपावरच्या फोनकडे पळाली होती, पण ते आम्हाला नंतर कळलं. तेव्हा आम्हाला फक्त कुणीतरी येईल एवढी आशा होती.

चौथ्या पानावर पोपटचा धीर सुटला. "मुद्दाम करतोय ह्यो," तो म्हणाला. "हनमंत, धर ह्येचा हात."

हनमंत हा त्यांतला सगळ्यात कमी बोलणारा. तिशीचा, उंच, अंगात स्वच्छ पांढरा सदरा. त्याने अण्णांचं मनगट धरून टेबलावर दाबलं. अण्णांनी हात सोडवायचा प्रयत्न केला नाही. पोपट म्हणाला, "कुठल्या बोटानं वाचतोय बगू," आणि कोयता खाली आणला.

आवाज लाकडाचा आला. बोट टेबलावरून घरंगळून कागदांवर पडलं. अण्णा ओरडलेसुद्धा नाहीत, तोंडातून फक्त हवा बाहेर पडली, आणि ते स्टुलावरून बाजूला कलंडले ते माझ्या अंगावर. त्यांचं रक्त माझ्या मांडीवर गरम लागत होतं. मी ओढणीने त्यांचा हात घट्ट आवळला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले. एकाने माझ्या तोंडावर लाथ मारली. वरच्या ओळीतले दोन दात माझे नाहीत.

"हनमंत, तू शाळा शिकलायस," पोपट म्हणाला. "तू बग."

हनमंतने गठ्ठा उचलला. त्यावरचं बोट त्याने झटकलं नाही, दोन बोटांनी उचलून टेबलाच्या कडेला ठेवलं. मग उभ्या उभ्या क ची पानं बघितली. शेवटचं क चं पान झालं, ख चं आलं. तिथं तो थांबला. मला वाटलं, संपलं, वाचलो.

पण त्याने गठ्ठा उलटा केला आणि शेवटचं पान काढलं.

मी खालून बघत होते. त्याची नजर पानावरून खाली आली आणि एका जागी थांबली. निळी शाई तिथं होती. त्याचा अंगठा समासात त्या नावाच्या बाजूला टेकला. एवढं मी नक्की पाहिलं, बघण्यात माझी चूक झालेली नाही. त्याने वर बघितलं तेव्हा आमची नजरानजर झाली. मी मान हलवली नाही, हात जोडले नाहीत, काहीच केलं नाही. अण्णांचं मनगट दाबताना होता तसाच त्याचा चेहरा कोरा होता.

त्याने पान मिटलं. "न्हाई दादा," तो म्हणाला. "शिव्हिलला न्हेला आसनार."

पोपटने जाता जाता अण्णांच्या बरगडीत एक लाथ घातली. त्यांची जीप जिल्ह्याच्या रस्त्याला लागली आणि पुलावर समोरून येणाऱ्या पोलिसांच्या गाडीला जाऊन भिडली. पाचही जण सापडले. गुरुजी सात नंबरमध्ये गुंगीत होते. त्यांना यातलं काही ऐकूसुद्धा गेलं नाही.

महिनाभराने अण्णा कामावर आले आणि मधल्या बोटाने यादी वाचायला लागले. शोध मी तोवर दुरुस्त केला होता. बोटाबद्दल कुणी हळहळलं की ते म्हणायचे, बोटाचं काही नाही, पण मी क्ष क मध्ये असतो असं म्हणालो, आणि तेही मोठ्याने. सगळे हसायचे. मी एकटीच हसत नसे, कारण ते खरंच सांगत होते.

खटला दोन वर्षांनी उभा राहिला. अण्णा कोयता बसल्यावर बेशुद्ध झाले होते, त्यांनी पुढचं काही पाहिलं नव्हतं. पुढचं पाहणारी मी एकटी. सरकारी वकिलांनी मला बजावलं होतं की विचारलं तेवढंच सांगायचं. मला ते फार सोयीचं वाटलं. पाचही आरोपी ओळखलेत का, विचारलं, मी ओळखले. हात कुणी धरला होता, विचारलं, मी हनमंतकडे बोट केलं. मग काय झालं, विचारलं. मी म्हणाले, त्यांनी यादी पाहिली, त्यांना नाव सापडलं नाही. आरोपींचा वकील पोपटने दिलेला. ही माणसं त्या दिवशी तिथं नव्हतीच असं तो म्हणत होता, मग यादी कुणी कशी पाहिली हे तो कशाला विचारील? हनमंत पिंजऱ्यात उभा होता, अंगात तसाच पांढरा सदरा. तो पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होता. त्याला बोलायचं असतं तर पोपटच्या समोर बोलावं लागलं असतं. मी बोलू शकत होते. माझ्या तोंडात खोटे दात होते, कानात शिट्टी वाजत होती आणि अण्णांच्या बोटाची मला रोज आठवण येत होती. मी बोलले नाही. मला बोलायचंच नव्हतं. त्याला शिक्षा व्हावी असं मला मनापासून वाटत होतं, आणि ती झाली. पोपटला जन्मठेप, बाकी चौघांना दहा-दहा वर्षं.

अण्णा वारले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या तेराव्याला क्षीरसागर गुरुजी आले होते. एक हात खांद्यापासून वाकडा, पण चेहरा हसरा. आम्ही अंगणात मांडवाखाली चहा घेत बसलो. अण्णांच्या गोष्टी निघाल्या, क्ष ची निघाली, आणि गुरुजी म्हणाले, "तुम्हाला एक गंमत सांगतो. तो हनमंत माझाच विद्यार्थी. चौथीपर्यंत माझ्या हाताखाली होता. क्ष ची गाठ त्याला जमायची नाही, हात धरून गिरवून घ्यायचो. त्याच्या हातात यादी दिली आणि त्याला माझं नाव सापडलं नाही म्हणे. मी शिकवण्यात कमी पडलो म्हणून जगलो बघा."

ते हसत होते. मी चहाचा कप खाली ठेवला. दहा वर्षांत पहिल्यांदा, कुणी न विचारता, मी बोलले. "त्याला सापडलं होतं, गुरुजी. त्याने शेवटचं पान काढलं. तुमच्या नावावर अंगठा ठेवला. मग नाही म्हणाला."

गुरुजींचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. त्यांनी विचारलं, "कोर्टात हे?"

"कुणी विचारलं नाही."

"तो गेला," गुरुजी म्हणाले. "तुरुंगात, चौथ्या वर्षी. पोपटच्याच माणसांनी पत्र्याच्या तुकड्याने गळा चिरला. का चिरला ते कुणाला कळलं नव्हतं." ते उठले. चहा तसाच राहिला. मांडवाच्या खांबाला धरून ते म्हणाले, "त्याची आई आहे अजून. मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

मी गेले. लगेच नाही, त्यालाही चार महिने लावले. नदीकाठी शाळेच्या मागच्या आळीत घर, पुढे शेळी बांधलेली. म्हातारी दारात ज्वारी पाखडत बसली होती. मी कोण ते सांगितलं, मग सगळं सांगितलं. पान, निळी शाई, अंगठा, न्हाई दादा, आणि कोर्टात मी काय सांगितलं आणि काय नाही. तिने सूप थांबवलं नाही. माझं बोलणं संपल्यावर तिने दाण्यांतला एक खडा काढून बाजूला टाकला.

"त्या म्हाताऱ्याचा हात त्यानं धरला हुता का?"

"धरला होता."

"आन पान बी उलटलं."

"हो."

तिने सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. आवाजात राग नव्हता, लहान पोरीला चूक दाखवावी तशी ती म्हणाली, "मग दोनी सांगायचं हुतं की गं बाई."